पाण्याखालचा अर्धा खांब

मी एक जुना खांब आहे. खरे सांगायचे तर अर्धा खांब. माझा दुसरा अर्धा तिकडे राजधानीत, किल्ल्याच्या आवारात, छपराखाली उभा आहे. त्याला रोज फुले वाहतात, पांढरे वस्त्र गुंडाळतात, आणि 'सत्यवादी खांब' म्हणून लोक त्याच्यापुढे डोके टेकतात. तो पाण्याबाहेरचा अर्धा. त्याने आयुष्यात काहीही पाहिलेले नाही. एकदा एक खंड्या त्याच्या डोक्यावर बसून मासा खाऊन गेला, एवढाच काय तो त्याचा अनुभव.

मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मारतो. तुम्ही मित्र होण्याच्या लायकीचे आहात की नाही, मला ठाऊक नाही. मी पुष्कळ माणसे अगदी जवळून पाहिली, तीही श्वास कोंडून धरलेली. तेव्हापासून माणसांविषयीचे माझे मत काही फारसे बरे नाही.

माझा जन्म खोऱ्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात झाला. आमच्या जातीच्या झाडाला इथले लोक झाडांचा राजा म्हणतात. मला तोडायला आले तेव्हा त्यांनी बुंध्याशी एक अंडे आणि फूल ठेवले, हात जोडून माझी माफी मागितली आणि लगेच कुऱ्हाड चालवली. आधी माफी मागायची आणि मग घाव घालायचा, ही माणसांची सवय मला तिथेच समजली. पुढे राजधानीत ती आणखी चांगली पाहायला मिळाली.

मला होडीला बांधून नदीने राजधानीत आणले. सुतारांनी तासले, गुळगुळीत केले आणि किल्ल्याजवळच्या डोहात रोवले. माझ्यापासून थोड्या अंतरावर माझ्यासारखाच आणखी एक खांब रोवला. आमचे काम काय, तर न्याय करणे. ऐकून हसू नका. मला स्वतःला ते ऐकून हसू आले होते, पण लाकडाचे हसू कुणाला दिसत नाही.

त्याचे असे होते. बदकावरून, बांधावरून किंवा बायकोवरून झालेले दोन माणसांचे भांडण साक्षीपुराव्याने मिटले नाही, म्हणजे माइबा, आमच्याकडचा पुजारी, दोघांना डोहावर आणी. एकाने एक खांब धरायचा, दुसऱ्याने दुसरा. एकमेकांकडे पाठ करायची आणि एकदम बुडी मारायची. जो आधी वर येईल तो खोटा. नदीचा देव खोट्याला श्वास पुरवत नाही, असे माइबा सांगे. म्हणजे ज्याची फुप्फुसे मोठी त्याचे बदक खरे, त्याचा बांध खरा आणि त्याची बायकोही खरी! श्रीमंतांनी तर यातूनही पळवाट काढली होती. स्वतःच्या बदली दुसऱ्याला उतरवायची मुभा होती, म्हणून ते सरोवरावरचे पाणबुडे आणत. नदीच्या देवाला तेवढा फरक कळत नसावा.

आणि काठावर ही गर्दी! बाजारातल्या बायका फुगवलेल्या तांदळाचे लाडू घेऊन बसत. पुरुष विडे चघळत पैजा लावत. पाण्याखाली एखाद्याचे डोळे बाहेर यायची वेळ आलेली असे आणि वर कुणीतरी म्हणे, "अगं, जरा सरक की, मला दिसत नाहीये."

असे किती राजे होऊन गेले ते मी मोजले नाही. सगळे छत्राखाली उंचावर बसत आणि निकाल लागला की जांभई देत. मग हा एक आला. आम्ही त्याला नुसते राजा म्हणतो. त्याच्यानंतर तो शब्द दुसऱ्या कुणाला शोभला नाही.

गादीवर बसल्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी तो एकटाच डोहावर आला. सोबत फक्त छत्र धरणारा म्हातारा पिशक. राजाने अंगावरचे उपरणे त्याच्याकडे दिले, धोतर खोचले आणि तो सरळ पाण्यात शिरला. माझ्यापाशी येऊन त्याने मला धरले, बुडी मारली आणि डोळे उघडे ठेवून तो बराच वेळ इकडे तिकडे पाहत राहिला. गारठ्याने त्याचे ओठ निळे पडले होते. वर येऊन त्याने नाक शिंकरले.

"काय दिसलं, इबुंगो?" पिशकने विचारले. इबुंगो म्हणजे आमच्याकडे धनी.

"हिरवं पाणी. आणि एक गोगलगाय."

"मग तेच असणार खाली. दुसरं काय असायचं?"

"तेच तर म्हणतोय मी. ज्याच्याशी भांडण, त्याच्याकडेच पाठ करून उभं करतात. गोगलगायीकडे बघून कुणाला लाज वाटणार, बाबा?"

त्याच आठवड्यात राजाने दुसरा खांब उपटून टाकायला लावला. माझ्या अंगावर, पाण्याखाली छातीएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन खाचा पाडल्या. दोघांनी यापुढे एकच खांब धरायचा, तोंडाला तोंड करून, डोळे उघडे ठेवून. डोहातला गाळ काढायचा आणि पाणी नितळ असेल तेव्हाच बुडी घ्यायची, एवढाच त्याचा हुकूम.

दरबारी मंडळींनी मान डोलावली आणि राजाची पाठ वळताच एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. "चला, एका खांबाचं लाकूड वाचलं," असे त्यांच्यातला सर्वांत शहाणा म्हणाला. तुम्ही विचाराल, राजाने ही वेडगळ रीतच का मोडली नाही? राजाला सगळे करता येते असे मुलांना वाटते. रीत मोडली असती तर याच मंडळींनी देवाचा कोप झाला म्हणून गावोगाव ओरड केली असती. रीत मोडता येत नव्हती, म्हणून त्याने ती थोडी वाकवली.

आता थंबालची गोष्ट सांगतो. त्या एका गोष्टीसाठीच मी अजून तोंड उघडतो.

थंबाल कुंभारीण होती. आमच्याकडे मडकी बायकाच घडवतात, आणि चाक वापरत नाहीत. ओंडक्यावर मातीचा गोळा ठेवायचा आणि बाईनेच त्याच्याभोवती फिरायचे. थंबालच्या गावाशेजारी चिकण मातीची एक दरड होती. तिच्या सासूच्या सासूपासून त्या घराण्याकडे तिची राखण होती, आणि गावातल्या सगळ्या बायका तिथलीच माती नेत. ती दरड गेली असती तर अख्ख्या गावाने काय मडक्यांऐवजी ओंजळीत भात शिजवायचा होता?

तोमचौ नावाच्या एका माणसाला ती दरड हवी होती. हा एका बड्या सरदाराचा मेहुणा. याच्याकडे तट्टे होती, आणि तट्टांवर बसून चेंडू टोलवायला याला मैदान हवे होते. दरड सपाट केली की झकास मैदान होईल, असे याला एके दिवशी जेवताना सुचले. जमीन माझ्या आजोबांनी साफ केली होती, असे याने सांगितले. तसे सांगणारे दोन साक्षीदारही हजर केले. थंबालचा नवरा लढाईवर गेला तो परतला नव्हता. तिच्या बाजूने बोलणारे गावातले पुरुष नेमके त्याच दिवशी आजारी पडले. कुणाची कंबर धरली, कुणाचे पोट. सरदाराच्या मेहुण्याविरुद्ध बोलायचे म्हटले की आमच्या खोऱ्यात रोगराई फार पसरते.

साक्षी एकाच बाजूच्या. राजाने थंबाल आणि तोमचौ दोघांना पुन्हा पुन्हा खोदून विचारले. तोमचौ पढवलेला होता, तो ढळला नाही. शेवटी माइबाने पाण्याचा कौल मागितला. राजाने होकार दिला, पण डोहाचा गाळ काढून पाणी निवळेपर्यंत थांबायला सांगितले.

त्या दिवशी काठावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. तोमचौने आपल्या बदली अचौ नावाचा पाणबुड्या आणला होता. सरोवराच्या तळचे शिंपले काढणारा गडी, छाती ढोलासारखी. थंबालच्या बदली कोण, असे माइबाने विचारले. गर्दीत सगळ्यांना एकदम आपापल्या पायाची बोटे पाहावीशी वाटली.

"मीच उतरते," थंबाल म्हणाली.

"अगं बाई, डोकं फिरलंय का तुझं?" बाजारातली एक म्हातारी ओरडली. "तो शिंपलेवाला आहे! जेवून-खाऊन, झोप काढून वर येईल तो!"

"येऊ दे की. मी कुठं त्याच्या आधी येणारे?"

राजा चटईवरून उठून काठापर्यंत आला. "इचे," त्याने तिला थोरल्या बहिणीची हाक मारली, "पोहता येतं का तुला?"

"नाही, इबुंगो. पण धरता येतं."

तोमचौ मोठ्याने हसला. त्याचे ते हसू मला अजून ऐकू येते, आणि अजून तितकेच ओंगळ वाटते.

तिने छातीवर गुंडाळलेला फनेक, आमच्याकडचे लुगडे, घट्ट खोचला आणि ती पाण्यात आली. पलीकडून अचौ आला. दोघांनी माझ्या खाचांत हात घातले. तिच्या तळव्यांना ओल्या मातीचा वास होता. माइबाने शिंग फुंकले आणि दोघे खाली गेले.

मित्रांनो, वरच्यांना यानंतर काहीच दिसले नाही. मला दिसले.

पाणी असे नितळ होते की अचौला तिच्या पापण्याही दिसत असाव्यात. सुरुवातीला तो मजेत होता. हे त्याचे रोजचेच काम. त्याने तिच्याकडे पाहून भुवई उडवली, जा आता वर, अशी. ती नुसती पाहत राहिली. थोड्या वेळाने तिच्या नाकातून बुडबुडे निघाले. तिचे खांदे हिसके देऊ लागले. बुडणाऱ्या माणसाचे अंग आपोआप वर धाव घेते, मी ते शेकडो वेळा पाहिले होते. तिचे अंगही धावले, पण हातांनी ते जाऊ दिले नाही. ती मला इतके घट्ट धरून होती की माझ्या अंगात तिची नखे रुतली. आणि डोळे उघडेच होते, त्याच्यावर लावलेले.

अचौची भुवई खाली आली. त्याने मान हलवून तिला वर जायला खुणावले. मग चिडून खुणावले. मग, तुम्हाला खोटे वाटेल, त्याने मान झुकवून विनवल्यासारखे केले. ती वर जाणार नाही, हे त्याला कळले होते. तिला जिंकायचे आहे म्हणून नव्हे. दरडीवाचून वर जाऊन करायचे काय, हेच तिला कळत नव्हते म्हणून. आणि आपण मात्र इथे दुसऱ्याच्या घोड्यांसाठी उभे आहोत, हेही त्याला त्याच क्षणी कळले असावे. पाठीला पाठ असती तर त्याला फक्त गोगलगाय दिसली असती.

अचौने हात सोडला. त्याच्या छातीत अजून भरपूर श्वास होता. मला तो शेजारीच ऐकू येत होता.

वर काय झाले ते पाण्यातूनही स्पष्ट ऐकू आले.

"सुटला! तो सुटला!" बायका किंचाळल्या.

"गप्प बसा!" अचौ ओरडला. "बाई वर येत नाहीये. कुणीतरी हात द्या!"

"हात लावू नका!" माइबा गरजला. "ती आपणहून वर यायला हवी. कुणी शिवलं तर कौल बाद!"

"बरोबर आहे," एक दरबारी म्हणाला. "नियम तोच आहे."

"नियम तोच आहे, पण बदली माणसाच्या बाबतीत थोडा विचार करावा लागेल," दुसरा म्हणाला.

ते खरोखरच विचार करत उभे राहिले, मित्रांनो! खाली एक बाई मरत होती आणि वर दाढ्या कुरवाळल्या जात होत्या. तेव्हा लाकूड असण्याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला.

"कौल गेला खड्ड्यात! काढा तिला!" हा राजाचा आवाज होता. त्याने स्वतः पाण्यात पाऊल घातले होते, पण अचौ त्याच्या आधी खाली पोहोचला. तिला ओढून उपयोग नव्हता, ती माझ्यापासून सुटतच नव्हती. त्याने तिचे एकेक बोट उलगडले. शेवटचा अंगठा त्या खाचेत असा अडकला होता की त्याचे कातडे माझ्याजवळच राहिले.

काठावर तिला पालथी घालून पाठ चोळली. बऱ्याच वेळाने ती खोकली, आणि तिचा पहिला शब्द होता, "सुटला का माझा हात?"

"नाही गं इमा, नाही सुटला," अचौ म्हणाला. तिला आई म्हणताना त्याला लोकांची लाज वाटली नाही.

"कौल बाद," माइबा जाहीर करत होता. "शिवाशीव झाली. पुन्हा बुडी घ्यावी लागेल."

तेवढ्यात तोमचौ गर्दीतून धावत आला आणि त्याने अचौला लाथ घातली. "हरामखोरा, तुझा श्वास संपला? तुझा? शिंपले काढताना संपत नाही तो! अरे, यापेक्षा मीच उतरलो असतो तर बरं झालं असतं!"

"मग का नाही उतरलास?" राजाने शांतपणे विचारले.

तोमचौ रागाने आंधळा झाला होता. "मी? इबुंगो, त्या चिखलाच्या ढिगासाठी मी जीव देऊ?"

राजाने थंबालकडे बोट केले. ती अजून पाणी थुंकत होती.

"ती देत होती," राजा म्हणाला. "ज्याला तो चिखलाचा ढीग वाटतो, त्याचा तो नाही. दरड हिची. आणि पुन्हा बुडी घ्यायची असेल तर हिच्यासमोर तू स्वतः उतरशील, तोमचौ. पाणी अजून नितळ आहे."

तोमचौने पाण्याकडे पाहिले आणि मग आपल्या सरदार मेहुण्याकडे. मेहुणा आभाळात ढग शोधत होता. तोमचौ आला तसा घरी गेला.

खरी गोष्ट एवढीच आहे. निकाल पाण्याने दिला नाही, देवाने दिला नाही आणि मी तर मुळीच दिला नाही. एका शहाण्या माणसाने दोन माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लावले आणि तिसऱ्याला वेळेवर एक प्रश्न विचारला. पण लोकांना हे फारच साधे वाटले असावे. संध्याकाळ होण्याच्या आत खांब सत्य बोलला अशी बातमी बाजारभर झाली. पिशकने ती राजाच्या कानावर घातली तेव्हा दोघे काठावरच होते.

"म्हणू देत," राजा म्हणाला. "लाकडाच्या पाया पडणं सोपं असतं. माझं ऐकायचं तर सुधारावं लागेल."

राजा गेला तेव्हा सगळे खोरे रडले, आणि रडणे आटोपताच दरबारी मंडळींनी माझा सन्मान करायचे ठरवले. सत्यवादी खांब नदीत कुजू द्यायचा नाही, तो किल्ल्यात ठेवायचा. पण पाण्याखालचा भाग चिखलातला, मरणाऱ्यांनी शिवलेला, म्हणून अशुद्ध. तो पवित्र आवारात कसा न्यायचा? तेव्हा त्यांनी मला बरोबर पाण्याच्या रेषेवर कापले. वरचा कोरडा, अडाणी तुकडा वाजतगाजत नेला. दोन्ही खाचा माझ्याकडे राहिल्या, थंबालच्या नखांचे ओरखडे माझ्याकडे राहिले आणि फुले मात्र त्याला मिळाली. मग डोहात दोन नवे खांब रोवले, माणसे पुन्हा पाठीला पाठ करून बुडी मारू लागली आणि मोठ्या फुप्फुसांच्यांची बदके पुन्हा खरी ठरू लागली.

मी गाळात पडून होतो. एका उन्हाळ्यात पाणी आटले आणि पांढऱ्या केसांचा अचौ होडी घेऊन आला. त्या दिवसानंतर त्याने दुसऱ्याच्या भांडणासाठी कधी बुडी मारली नव्हती. मासे धरून तो पोट भरत होता. त्याने मला खणून काढले आणि थंबालच्या अंगणात आणून टाकले.

"हे काय रे?" ती म्हणाली. तीही म्हातारी झाली होती.

"तुझा खांब."

"मला कशाला तो? पाया पडू त्याच्या?"

"छे गं! मडकी घडव त्याच्यावर. कापलेली बाजू सपाट आहे."

तेव्हापासून मी मडक्यांचा ओंडका आहे. माझ्या डोक्यावर माती असते आणि थंबालच्या लेकींच्या लेकी माझ्याभोवती गोल फिरतात. एका जागी उभे राहून मडक्याची एकच बाजू दिसते. फिरल्यावर सगळ्या दिसतात. ही गोष्ट इथल्या अडाणी बायकांना रोज कळते आणि राजधानीतल्या विद्वानांना अजून कळलेली नाही.

मित्रांनो, तुम्हाला एक दिवस किल्ल्यात नेतील आणि त्या छपराखालच्या तुकड्यापुढे वाकायला सांगतील. वाका हवे तर, पाठीला व्यायाम होईल. पण त्याची निगा राखू नका, त्याला ती नको आहे. निगा राखायचीच असेल तर त्या राजाच्या रीतीची राखा. भांडाल तेव्हा आपल्या बदली दुसऱ्याला पाठवू नका, आणि पाठही करू नका. डोळे उघडे ठेवा. समोरचे माणूस बुडताना दिसले तर आधी त्याची बोटे सोडवा आणि मग नियम काढा. तुम्ही हे कराल असे मला वाटत नाही. तरी सांगून ठेवले.

हल्ली माझ्यावर मडकी घडवते ती मुलगी दमली की वाकते आणि आधारासाठी माझ्या अंगावर हात टेकते. तिला ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही. पण तिचा ओला अंगठा दर वेळी त्याच खाचेत जाऊन बसतो, आणि तो तिथून निघावा अशी मला कधीच घाई नसते.